मकाव १९५४: दोन उस्ताद, दोन राउंड आणि दम

ती फिल्म मी किती वेळा बघितली असेल याचा हिशोब नाही. ब्लॅक अँड व्हाइट, काही मिनिटांचीच, उंच मंच, भोवती माणसंच माणसं आणि मधे दोन नावाजलेले चिनी उस्ताद एकमेकांवर असे हात फेकतायत की पहिल्यांदा बघणारा हमखास हसतो. मीपण हसलो होतो, "ही काय शाळेच्या मधल्या सुट्टीतली मारामारी" असं काहीतरी बोललो पण होतो. मग स्वतः ताईची, म्हणजे संथ हालचालींनी शिकवतात ती चिनी युद्धकला, शिकायला लागून दोन-तीन वर्षं झाली आणि परत बघितली तेव्हा हसू यायचं बंद झालं, कारण त्यातली एकूण एक चूक माझ्या अंगात आहे हे कळायला लागलं होतं.

तर ही १७ जानेवारी १९५४ ची मकावची लढत. यावर बोलणारे बहुतेक लोक एका ओळीत निकाल लावतात, एकतर "ताईची म्हणजे नाच" किंवा मग "मोठे लोक होते, एकमेकांना सांभाळून घेत होते". मला दोन्ही पटत नाही, म्हणून हे सगळं नीट मांडून बघतोय, आणि बघताना डोळा शरीरावर ठेवलाय, म्हणजे पाय कुठे, कंबर कुठे, श्वास कुठे.

आधी माणसं. एकीकडे वू गोंगयी, वय ५३, हाँगकाँगमधल्या वू घराण्याच्या ताईचीचे प्रमुख. घराणं म्हणजे अगदी खानदानी, आजोबा च्वानयू हे मांचू, यांग शैलीचे मूळ पुरुष यांग लुचान यांच्याकडे शिकलेले, आणि वडील वू जियानचुआन यांच्या नावावरच ती शैली ओळखली जाते, त्यांनी १९३५ मध्ये शांघायला संस्था काढली होती. दुसरीकडे चान हाक-फू, पस्तिशीच्या आसपासचा, तिबेटी व्हाइट क्रेन (पांढरा क्रौंच) या युद्धकलेच्या शैलीचा. एकाची शैली जवळ येऊन चिकटणारी, दुसऱ्याची लांबून हात फिरवणारी. एक पन्नाशी ओलांडलेला, दुसरा भरात आलेला.

भांडणाचं मूळ पेपरात. ताईची लढाईत चालते का यावर वर्तमानपत्रांतून वाद सुरू होता, वू साहेबांनी कोणाशीही विचारविनिमय करायला तयार आहोत अशा अर्थाचं काहीतरी जाहीर केलं आणि समोरच्या गोटाने ते आव्हान म्हणूनच उचललं. पत्राला पत्र, उत्तराला उत्तर. हाँगकाँगच्या ब्रिटिश सरकारला असली उघडी मारामारी नको होती, म्हणून गाडी पोर्तुगीजांच्या मकावकडे वळली. मधेच २५ डिसेंबर १९५३ च्या रात्री हाँगकाँगला शेक किप मेईच्या झोपडपट्टीला भयंकर आग लागली, सुमारे ५३ हजार लोक बेघर झाले, आणि या लढतीला मदतनिधीचं कारण मिळालं. कागदोपत्री लढत नाही, कलेचं प्रदर्शन, पण जिवाचं बरंवाईट झालं तर कोणी कोणाला जबाबदार धरायचं नाही असा करार दोघांनी केला होता. (आपल्याकडे जत्रेच्या कुस्तीला गावकी गोळा होते तसं इथे अख्खं हाँगकाँग बोटीत बसून निघालं होतं म्हणायला हरकत नाही.) मुख्य पंच मकावचे बडे व्यापारी हो यिन, ज्यांचा मुलगा पुढे १९९९ मध्ये चीनच्या ताब्यात आलेल्या मकावचा पहिला मुख्य प्रशासक झाला.

राउंड तीन-तीन मिनिटांचे. पहिल्या राउंडमध्ये वूंचा हात चानच्या नाकावर बसला, रक्त आलं. दुसऱ्यामध्ये चानने परतफेड केली, मग लाथा सुरू झाल्या, त्या नियमात बसत नव्हत्या, आणि पंचांनी घंटा वाजवून थांबवलं. निकाल असा दिला की कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही, आणि बरोबरीही नाही. इतका सुंदर निकाल मी दुसरा ऐकलेला नाही. दोन्ही घराण्यांचे लोक आजपण "आमचाच जिंकला" म्हणतात आणि निकालामुळे दोघांनाही ते म्हणता येतं. लढत संपली आणि तीनच दिवसांत, २० जानेवारीला, हाँगकाँगच्या एका संध्याकाळच्या पेपरात लियांग युशेंग यांची तलवारबहाद्दरांची कथामाला सुरू झाली, आणि तिथून वुश्या, म्हणजे असल्याच तलवारबहाद्दरांच्या, कादंबऱ्यांची नवी लाट आली. म्हणजे खऱ्या मंचावर जे दिसलं नाही ते लोकांनी पुढची चाळीस वर्षं कागदावर वाचलं.

आता मुद्द्याकडे. एवढी वर्षं घासलेली दोन शरीरं, दोघांकडे खरं तंत्र, मग फिल्ममध्ये ते तंत्र का दिसत नाही?

ताईचीचं शरीर कसं चालतं ते आधी बघू, नाहीतर पुढचं कळणार नाही. जुन्या वचनांमध्ये एक ओळ आहे, तिचा मतलब असा की मूळ पायात, जोर मांडीतून, ताबा कमरेचा आणि प्रगट होतं बोटांत. यात गूढ काही नाही. तुम्ही जमीन दाबता, जमीन तुम्हाला तेवढ्याच जोराने उलट दाबते, तो जोर टाच, गुडघा, खुबा, कणा, खांदा, कोपर करत करत हातापर्यंत न सांडता पोचवायचा. सगळी करामत "न सांडता" मध्ये आहे. वाटेत एखादा सांधा ढिला पडला की जोर तिथे गळतो, आणि एखादा सांधा आखडला की जोर तिथे अडतो. हे मधलं जे आहे, ढिलं नाही आणि आखडलेलंही नाही, त्याला चिनीत सुंग म्हणतात. लोक त्याचं "रिलॅक्स" करतात आणि तिथेच फसतात, सुंग म्हणजे सोफ्यावर पसरणं नव्हे. आपण हात पुढे फेकतो तेव्हा दंडामागचा स्नायू काम करतो, त्या वेळी दंडापुढच्याने गप्प बसायला पाहिजे. दोघं एकदम आवळले तर हात जातो पण हँडब्रेक लावून गाडी चालवल्यासारखा. सुंग म्हणजे तो हँडब्रेक काढून ठेवणं, आणि ते अख्ख्या अंगात, एकाच वेळी.

वू शैलीत आणखी एक खासियत आहे. धनुष्यासारख्या पवित्र्यात, म्हणजे पुढचा गुडघा वाकलेला आणि मागचा पाय लांब, बाकीच्या शैलींत धड बहुतेक सरळ उभं ठेवतात, वूवाले पुढे झुकतात. बघणाऱ्याला वाटतं तोल जाणार. पण नीट बघा, मागच्या टाचेपासून टाळूपर्यंत एक सरळ तिरकी रेघ असते, भिंतीला टेकू दिलेल्या वाशासारखी. वाशाला वरून कितीही रेटा, तो जमिनीत रुततो. मला आमच्या सरांनी पहिल्यांदा तसं उभं केलं आणि छातीवर तळहात ठेवून रेटलं तेव्हा मला खरंच मागच्या टाचेखाली दाब वाढलेला जाणवला, छातीवर काहीच नाही. तो क्षण विसरत नाही माणूस. म्हणूनच ताईचीवाले इतके भाविक होतात, कारण अनुभव खरा असतो.

पण त्या अनुभवाला दोन अटी आहेत ज्या कोणी बोलून दाखवत नाही. एक, समोरचा तुम्हाला आधीच टेकलेला आहे. दोन, तुमचा श्वास शांत आहे.

पहिली अट घेऊ. ताईचीत दोघांनी मिळून करायचा जो सराव, तुईशौ, त्याची सुरुवातच मनगटाला मनगट लावून होते. आपल्या कुस्तीत खडाखडी असते ना, हात लावून, मान चाचपून समोरच्याचं वजन कुठे आहे ते काढायचं, तसंच काहीसं, फक्त खूप बारीक. हात लागला की त्वचेतून बातमी येते, तो कुठे आखडलाय, कुठे ढकलणार आहे. डोळ्याने बघून प्रतिक्रिया द्यायला साधारण ०.२ सेकंद तरी जातात, स्पर्शाने थोडं लवकर जमतं, आणि मुख्य म्हणजे स्पर्शात हूल देणं अवघड. पण खडाखडीला समोरचा तयारच नसेल तर? तो दोन हात लांब उभा राहून गोफण फिरवल्यासारखा हात फिरवत असेल तर चिकटणार कशाला?

आणि चान हाक-फूची शैली नेमकी तीच. तिबेटी क्रेनमध्ये हात लांब, खांदा मोकळा, कंबर फिरते आणि तिच्यामागे हात चाबकासारखा येतो. त्यांची चार सूत्रं आहेत, निर्दय राहा, चुकव, भेदून जा, मधेच अडव. यातलं "चुकव" फार महत्त्वाचं, कारण मोठा फिरता फटका मारताना तुम्ही जागेवर उभे राहिलात तर मेलात. साधा हिशोब करू. हात खांद्यापासून मुठीपर्यंत ७० सेंटीमीटर धरला आणि तो अर्धवर्तुळात फिरवला तर मूठ साधारण २.२ मीटर प्रवास करते, सरळ ठोशात ती फक्त ६०-७० सेंटीमीटर जाते. म्हणजे सरासरी वेग सारखा धरला तर फिरता फटका पोचायला तिप्पट वेळ. फायदा असा की लांब वाटेवर वेग वाढवायला जागा मिळते आणि लागला तर चांगलाच लागतो. तोटा असा की हुकला तर हाताचं वजन तुम्हालाच ओढून नेतं, अर्धी पाठ समोरच्याला दिसते. म्हणून त्या शैलीत पाय सतत बाजूला सरकत राहिले पाहिजेत, आणि प्रत्येक फटका कमरेतून आला पाहिजे. पाय थांबले की उरतो फक्त खांदा.

आता फिल्म स्लो करून बघा. चानचे सुरुवातीचे काही हात बरे येतात, कंबर फिरलेली दिसते. नंतर नंतर मात्र कंबर पुढे बघत राहते आणि हात एकटेच फिरतात. वूंचं उलटं. पुढे झुकलेली ती वाशाची रेघ कुठेच दिसत नाही, डोकं मागे खेचलेलं, हात पुढे लांब ताणलेले, कमरेत कमान. याला कारण अगदी साधं आहे, तोंडावर काही येताना दिसलं की डोकं मागे जातं, ते तुम्ही करत नाही, ते होतं. पण डोकं मागे गेलं की टाच-टाळू रेघ कमरेपाशी मोडते. रेघ मोडली की जमिनीचा जोर कमरेच्या वर जातच नाही, आणि मग हात फक्त हाताच्या जोरावर मारतो. म्हणजे बघा, वू साहेबांची यंत्रणा खोटी होती असं नाही, ती एका दचकण्याने जागेवर बंद पडली. नाकावर जो हात बसला तो बसलाच, त्यात अनुभव आहे, वेळ साधलीय, पण त्यात टाचेतून आलेला जोर मला तरी दिसत नाही. तसा आला असता तर राउंड तिथेच संपला असता असं माझं मत.

दचकण्याला औषध एकच, रोज थोडं थोडं तोंडावर येऊ देणं. बॉक्सिंगवाले ग्लोव्ह घालून हे करतात, हजारो वेळा, मग डोकं मागे जायच्या ऐवजी हनुवटी आत जाते आणि बाजूला सरकता येतं. ५३ वर्षांच्या, घराण्याचा प्रमुख असलेल्या माणसाच्या तोंडावर रोज कोण हात टाकणार? हा प्रश्न शरीरशास्त्राचा नाही, मानमरातबाचा आहे. शिष्य गुरूला ढकलतो ते गुरूला पाडायला नाही. चीनमध्येच असं नाही, आपल्याकडच्या वस्तादांनाही म्हातारपणी कोण चितपट करायला जातो. फरक इतकाच की आपला वस्ताद त्या वयात मातीत उतरतच नाही, तो काठावर बसून शिव्या घालतो.

आता दुसरी अट, श्वास, आणि माझ्या मते खरं प्रकरण इथे आहे.

मेट नावाचं एक माप असतं, शांत बसलेल्या माणसाला जेवढी ऊर्जा लागते ते १ मेट. शारीरिक हालचालींच्या प्रसिद्ध कोष्टकात ताईचीला ३ मेट दिलेत, म्हणजे बऱ्यापैकी चालण्याइतकं. बॉक्सिंगची बॅग मारणं ५.५, सरावाची लढत ७.८, आणि रिंगमधली खरी लढत १२.८. हे आकडे मी पहिल्यांदा बघितले तेव्हा बराच वेळ बघत बसलो होतो. तीनच्या सवयीचं शरीर तुम्ही एकदम बारा-तेराच्या कामाला लावताय, तेही हजारो लोकांसमोर, घराण्याची अब्रू पणाला लावून. पहिली आठ-दहा सेकंदं स्नायूंतला तयार साठा पुरतो, त्याच्या पुढे ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, जाळून काम निघतं आणि त्यात अंग भरून येतं, मिनिट-दीड मिनिटानंतर ऑक्सिजन जेवढा पोचेल तेवढंच चालतं. वयाचा जुना ढोबळ हिशोब लावला, २२० वजा वय, तर वूंच्या हृदयाची कमाल साधारण १६७, चानची १८५ च्या आसपास. व्यायाम नसेल तर तिशीनंतर ऑक्सिजन वापरायची ताकद दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी घटते, व्यायाम चालू असेल तर कमी घटते, पण घटतेच.

दम लागला की नुसती ताकद जात नाही, आधी सुंग जातं. माणूस छातीच्या वरच्या भागातून श्वास घ्यायला लागतो, त्यासाठी मानेचे नि खांद्याचे स्नायू कामाला लागतात, खांदे वर चढतात. खांदे चढले की कोपरं बाहेर येतात. कोपरं बाहेर आली की हाताचा कमरेशी संबंध तुटतो. म्हणजे ज्या साखळीवर चाळीस वर्षं खर्च केली ती बरगडीपाशी तुटते आणि तोडणारा समोरचा माणूस नसतो, तुमचा स्वतःचा श्वास असतो.

हे मी पुस्तकी बोलत नाही, आम्ही करून बघितलंय. आमचा पुण्यात बागेत रविवारचा ग्रुप आहे, त्यात एक रिटायर्ड काका आहेत, तुईशौमध्ये त्यांना कोणी हलवू शकत नाही, मी तर नाहीच. मी लहानपणी सांगलीकडे तालमीत थोडं अंग मोडलेला, पैलवान वगैरे झालो नाही पण सपाट्यांची सवय आहे. एकदा मी काकांना ही फिल्म फोनवर दाखवली. ते म्हणाले, "वू साहेबांनी हात लागेपर्यंत थांबायला हवं होतं, घाई केली त्यांनी." मी म्हटलं, "काका, थांबायला दम पाहिजे ना." काका म्हणाले, "श्वासच तर आपण शिकतो रे." मग ठरलं की काका आधी तीन मिनिटं सलग, फोनवर टायमर लावून, जागेवर जोरात पळणार आणि मधे मधे बैठका मारणार, आणि लगेच, पाणी न पिता, माझ्याबरोबर तुईशौ करणार. (त्यांचा बीपी नॉर्मल आहे, डॉक्टरांना विचारलं होतं, उगाच कोणी घरी वडिलांवर प्रयोग करू नका.)

टायमर वाजला तेव्हा काका लाल झाले होते. मनगट लावलं आणि मला एक सेकंदात कळलं की हा वेगळाच माणूस आहे. एरवी त्यांचा हात पाण्यात तरंगणाऱ्या लाकडासारखा असतो, दाबला की दबतो आणि परत वर येतो. आता तो दारासारखा होता, एक तर बंद नाहीतर उघडा. प्रत्येक श्वासाबरोबर त्यांचा खांदा वर जात होता, आणि मी काही नाही केलं, फक्त खांदा वर जायची वाट बघितली आणि तेव्हा रेटलं. काका दोन पावलं मागे. परत लावला हात, परत तेच. तिसऱ्या वेळी ते स्वतःच हसायला लागले, वाकून गुडघ्यावर हात ठेवले आणि म्हणाले, "अरे, माझं सगळं कुठे गेलं?" पाच मिनिटं बाकावर बसून आले आणि परत लावला तर तेच जुने काका, मला हलवता येईना. कौशल्य कुठे गेलं नव्हतं, दमाच्या खाली दबलं होतं.

मग उलटं करून बघितलं, मी पळालो. मला त्यांच्याइतका दम नाही लागला पण कोपरं बाहेर आलीच, काकांनी सांगितलं तेव्हा कळलं. म्हणजे नुसता दम असून भागत नाही, दमलेल्या अंगात ती रेघ धरून ठेवायचा वेगळाच सराव लागतो, आणि तो सराव आमच्यापैकी कोणीच कधी केला नव्हता. तालमीत हे कोणी शिकवून शिकवत नाही, आपोआप होतं, कारण आधी मेहनत आणि मग त्याच थकलेल्या अंगाने मातीत लढत, वर्षानुवर्षं. पैलवान ताजा असताना डाव कसा मारतो हे कोणी विचारत नाही.

इथे एक गैरसमज काढायला हवा की चिनी परंपरेत कंडिशनिंग, म्हणजे मेहनतीने अंग कमावणं, नव्हतंच. भरपूर होतं. दगडी कुलूप म्हणजे दांडा कोरलेला दगड, तो फेकायचा नि झेलायचा, साधारण आपल्या नालेसारखा. पांढऱ्या मेणाच्या झाडाची लांब लवचिक काठी, ती कमरेतून झटकायची, टोक थरथरलं पाहिजे. एकच हालचाल अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शेकडो वेळा. वू शैलीत जलद फॉर्मपण (फॉर्म म्हणजे ठरलेल्या हालचालींची एकट्याने करायची मालिका) आहे, अगदी वू जियानचुआन यांच्यापासूनचा. पण शांघाय-हाँगकाँगच्या शहरी शिष्यांत व्यापारी, कारकून, डॉक्टर असा वर्ग होता, त्यांना तब्येत पाहिजे होती, आणि हळू फॉर्म त्यासाठी उत्तमच होता, म्हणून तोच पुढे आला नि बाकीचं मागे राहिलं. शिक्षक जे रोज शिकवतो तेच त्याच्या अंगात राहतं, हे वूंनाही लागू असणार असं मला वाटतं.

आणि नुसतं उभं राहण्याच्या सरावाबद्दल, झान झ्वांग, मी स्वतः रोज करतो, त्यावर माझा विश्वास आहे, पण त्याच्याकडून काय मागायचं ते कळायला हवं. स्थिर धरून कमावलेली ताकद मुख्यतः त्याच कोनाच्या आसपास, १५-२० अंश इकडेतिकडे, मिळते. घोडा पवित्र्यात अर्धा तास उभा राहणारा माणूस त्या उंचीवर खांब असतो, पण तिथून झेप घ्यायची, थांबायचं, परत झेप घ्यायची, हे वेगळं काम आहे. उभं राहण्याने रेघ कुठे आहे ते कळतं. ती मोडल्यावर अर्ध्या सेकंदात परत कशी जोडायची ते त्याने कळत नाही.

बरं, हे १९५४ मध्ये पहिल्यांदा कळलं असंही नाही. १९२८ मध्ये नानजिंगला केंद्रीय गुओशू (म्हणजे राष्ट्रीय युद्धकला) संस्थेने मोठी परीक्षा घेतली होती, मंचावरच्या लढतींसकट, तिथे दुखापती इतक्या झाल्या की शेवटच्या फेऱ्या पूर्ण लढवल्याच नाहीत. धडा तेव्हाच समोर होता, मग जपानबरोबरचं युद्ध आलं, यादवी आली, सगळं पांगलं. पुढे मुख्य भूमीवर १९७९ पासून सांदा या आधुनिक लढतीच्या खेळाचे प्रयोग सुरू झाले, ग्लोव्ह, राउंड, पंच, उचलून आपटणं, आणि त्यात दमाचा प्रश्न सुटला पण बारीक स्पर्शाचं काम बरंचसं बाजूला पडलं. ते असो, तो वेगळा विषय.

दोघांच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. लाथांना परवानगी नव्हती, म्हणजे दोघांच्याही शैलीतला एक मोठा भाग आधीच काढून घेतलेला. हातात ग्लोव्ह नाहीत, आणि बिनग्लोव्हच्या मुठीने डोक्याच्या हाडावर मारलं तर करंगळीमागचं हाड आधी मोडतं, म्हणून जपून मारणं आलंच. समोर कोण आहे, कसा लढतो, याचा दोघांनाही अनुभव नाही. आणि मला सगळ्यात जास्त कौतुक याचं वाटतं की वू साहेब ५३ व्या वर्षी चढले मंचावर. "आमची विद्या मारामारीसाठी नाही" म्हणून सहज टाळता आलं असतं, आजही कितीतरी जण तेच म्हणून टाळतात. चानलाही जिंकून फार काही मिळणार नव्हतं, म्हाताऱ्याला मारलं म्हणून नावच ठेवलं असतं लोकांनी. म्हणून हसणाऱ्यांना मी एवढंच म्हणतो की एकदा तीन मिनिटं खरोखर करून बघा, मग हसा.

आमच्या ग्रुपमध्ये आता शेवटचा अर्धा तास बदललाय. तीन मिनिटं पळणं-बैठका, लगेच तुईशौ दोन मिनिटं, एक मिनिट आराम, असे तीन फेरे, आणि तिसऱ्या फेऱ्यात मनगट लावून सुरुवात नाही, दोन पावलं लांबून, समोरचा हातात जाड फोमचा पॅड घेऊन तोंडाकडे हळूहळू फिरवत येतो. पहिले काही रविवार तर आमचं चित्र हुबेहूब त्या फिल्मसारखं होतं, तेच मागे गेलेलं डोकं, तेच ताणलेले हात, बागेत चालायला येणारी मंडळी थांबून बघायची. आता काकांचं डोकं मागे जाणं बरंच कमी झालंय, श्वास सोडत ते आत शिरतात आणि पॅडवाल्याच्या दंडाला चिकटतात, दहातल्या तीन-चार वेळा. खांदे मात्र तिसऱ्या फेऱ्यात अजून चढतातच. गेल्या रविवारी मी त्यांना "काका, खांदे" असं ओरडून सांगितलं तर धापा टाकत म्हणाले, "माहितीये रे, खाली येत नाहीयेत."